वर्ग सात

मी त्या उपग्रहाचा पायदळातला माणूस.
तो आठशे किलोमीटरवरून बघतो,
मी बुटात चिखल भरून खात्री करतो.

धानाच्या भाऱ्यांनी लादलेल्या बंडीएवढं त्याचं धूड,
सोनेरी कागदात गुंडाळलेलं.
एकच पंख, सूर्याकडचा.
दुसरी कूस मुद्दाम उघडी, काळ्या थंडीकडे,
कारण बघणाऱ्याला गारवा लागतो.
पोटात चार चाकं, कुठल्याच रस्त्याची नाहीत:
एक फिरलं की सगळं धूड
उलट्या अंगाला हलकेच वळतं.

शंभर मिनिटांत एक फेरा, ध्रुवावरून ध्रुवाकडे.
पृथ्वी कमरेत किंचित जाड आहे.
त्या जाडीच्या ओढीनं त्याची वाट
रोज अंशभर सरकते,
आणि सूर्यही आभाळात तेवढाच पुढं गेलेला असतो.
म्हणून तो इथं येतो
तेव्हा नेहमी साडेदहाच वाजलेले असतात.
(साकोलीच्या यस्टीला हे कधी जमलं नाही.)

साकरबोडीचा तलाव त्याच्या नकाशात
दरवर्षी कडेनं लाल होत होता.
पान डोळ्याला न दिसणारा उजेड परतवतं,
तो उजेड आम्ही लाल रंगवतो. पाणी काळं.
लाल म्हणजे हिरवं, हिरवं म्हणजे पीक,
पीक म्हणजे वर्ग सात.
बसल्या जागी यंत्रानं ठरवलं.

डिसेंबरात मी पाळीवर उभा राहिलो,
हातात जीपीएस, बगलेत फॉर्म.
सयत्रा मारबते कमरेएवढ्या पाण्यात होती.
"कोन्तं पीक हाय हे?" मी विचारलं,
तिच्या बोलीत बोलायचा माझा तो नागपुरी प्रयत्न.
ती हसली नाही.
"पीक नाई जी. बेशरम हाय."

जांभळट फुलं, पोकळ दांडे, गुरंही तोंड लावत नाहीत.
त्याखाली देवधान गेलं, दाडक गेली,
बोटरी तर तिच्या धाकट्यानं
बाजारातसुद्धा पाहिलेली नाही.
फॉर्मवर अकरा वर्ग होते.
बेशरमीला वर्ग नव्हता.
मी 'इतर' लिहिलं आणि मला जरा लाज वाटली.

मग तिनं नकाशा मागितला,
ओल्या बोटानं मोबाइलवर तलाव मोठा केला,
चौकोन फुटेपर्यंत.
"याच्यात आमी दिसतो का जी?"
नाही, म्हटलं. एक चौकोन वीस मीटरचा.
माणूस त्यात विरघळतो,
भातात मीठ विरघळावं तसा.
"मंग किती बाया लागतीन?"

मी हिशेब केला नाही. कुठल्या रकान्यात केला असता?

मे महिन्यात पाणी उतरलं तेव्हा
ढिवरटोल्यातल्या सतरा जणी पाण्यात शिरल्या.
मुळं धरून उपटायचं, तोडायचं नाही,
कारण तुटलेला एक कांडाही
चिखलात पडला की तळ धरतो.
ओढून पाळीपार, उन्हात, उलटं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी जोराबाईला
पायात शिंगाड्याचा जुना काटा भरला.

उपग्रह त्या महिन्यात दोनदा वरून गेला,
सगळा भंडारा जिल्हा बारा सेकंदांत.

दिवाळीनंतरच्या चित्रात
तुडुमाच्या बाजूला त्रेचाळीस चौकोन काळे.
मी ते तीनदा मोजले.
यंत्रानं लिहिलं: वर्ग चार, पाणी.
कारणाचा रकाना नसतोच.

आता त्याचं इंधन संपत आलंय.
वाट सावरायला फुंकर उरली नाही,
त्यामुळे वेळ निसटतेय: सव्वादहा, दहाला पाच कमी.
सावल्या लांबल्यात, तलावावर पाळीची काळी किनार येते,
आणि यंत्र तिलाही पाणी समजतं.
मला पुन्हा जावं लागलं.

सयत्रा पाळीच्या कडेनं वाकून चालत होती.
"आज त्याची पाळी हाय का?" म्हणाली, वर न बघता.
हो, म्हटलं. दहा मिनिटांत.
"येऊ दे."
तिनं चिखलातून बोटभर हिरवा कोंब
मुळासकट सोडवला,
नीट निरखला,
आणि ओच्यात टाकला.